आईवरचं अर्धं पान

९ डिसेंबर, सोमवार

आज मी संपादक झालो. आमच्या कॉलेजचा वार्षिकांक गेली सहा वर्षं निघाला नव्हता. यंदा मराठीच्या राजपाल सरांनी मनावर घेतलं. बी. ए. तिसऱ्या वर्षातून माझं नाव पक्कं झालं, कारण दुसऱ्या कोणी हात वर केला नाही. तरी संपादक तो संपादकच. म्हणून ही डायरी सुरू करतो आहे. पुढेमागे उपयोगी पडेल.

बाकीचं मंडळ असं. निता माझ्याच वर्गातली. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची आहे, इथे वाशिमजवळच्या मालेगावात मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. शुद्धलेखन तिच्याकडे. सरांनी फळ्यावर ‘समीती’ लिहिलं, तर तिनं न बोलता उठून वेलांटी बदलली. बादल दुसऱ्या वर्षाचा. मामाच्या स्टुडिओत लग्नांचे फोटो काढतो, म्हणून फोटो त्याच्याकडे. त्याला सवय अशी लागली आहे की कोणासमोरही कॅमेरा धरला की म्हणतो, “हनुवटी वर, थोडं लाजा.” आज सरांनाही म्हणाला. सर लाजले.

पहिल्या वर्षाचा प्रतिनिधी वर्गानं मतदान करून निवडला होता. सरांनी नाव वाचलं आणि दारातून आई आत आली.

पुढचं उद्या लिहितो. आज डोकं चालत नाही.

१० डिसेंबर

डायरीत खरं लिहायचं असतं, म्हणून लिहितो. माझी आई माझ्याच कॉलेजात शिकते. वय चव्वेचाळीस. सातवीत शाळा सुटली, सतराव्या वर्षी लग्न झालं. मी दहावीत होतो तेव्हा तिनं माझीच पुस्तकं घेऊन सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि घरी बसून दहावी दिली. मग बारावी. आम्हांला वाटलं, आता झालं. जुलैत ती बी. ए.ला नाव घालून आली. बाबा गावाबाहेरच्या मळ्यात भाजीपाला करतात. त्यांनी त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं.

मला अभिमानच आहे. पण तिनं पहिल्याच आठवड्यात व्हरांड्यात सगळ्यांदेखत मला म्हटलं होतं, “पवन्या, डबा खाल्ला का रे?” तेव्हाच मी घरी तिच्याशी एक करार केला. कॉलेजात तिनं मला ओळखायचं नाही. मीही तिला ओळखणार नाही. ती म्हणाली, “बरं बाप्पा.” तिनं तो नीट पाळला.

आता मंडळात काय करायचं? काल रात्री विचारलं. ती भाकर थापत होती. “त्यात काय, मीटिंगमंदी बी नाई ओळखत तुले,” म्हणाली.

१७ डिसेंबर

पहिली मीटिंग झाली. आई मला “संपादक साहेब” म्हणते. “संपादक साहेब, पह्यल्या वर्षाच्या पोरीइच्या कविता गोया केल्या. साऱ्या आईवर हायेत. मीनं सांगतलं, दुसरं काई लिहा न व.” बादल टेबलाखाली वाकून हसत होता. मी गंभीर राहिलो. संपादकाला राहावं लागतं.

घरी आल्यावर तिनं बाबांना विचारलं, “संपादक साहेब जेवतीन का?” मी सांगितलं, घरी हे चालणार नाही. ती म्हणाली, करारात तसं काही नव्हतं.

२३ डिसेंबर

बादलनं मंडळाचे फोटो काढले. आई नवी साडी नेसून आली होती. त्यानं “हनुवटी वर, थोडं लाजा” म्हटलं आणि ती अशी हसत सुटली की खांदे हलले, डोळे मिटले, एक हात तोंडावर गेला. बादलनं तेवढ्यात बटण दाबलं. मग मी त्याला दुसरा नीट फोटो काढायला लावला. त्यात ती आधार कार्डावर असते तशी दिसते. तोच घ्यायचा.

३० डिसेंबर

सरांची कल्पना: अंकाच्या शेवटी मंडळातल्या प्रत्येकावर अर्धं पान गमतीचा मजकूर. आपला आपण लिहायचा नाही, दुसऱ्यानं लिहायचा. चिठ्ठ्या टाकल्या. मला बादल आला. बादलला निता आली. निताला आई. आणि आईनं जी चिठ्ठी उघडली तिच्यात माझं नाव. राहिलेल्या एका चिठ्ठीत स्वतः सर होते, ते म्हणाले, “माझ्यावर सगळे मिळून लिहा, एकट्यावर पाप नको.”

मी सुचवलं की चिठ्ठ्या पुन्हा टाकू. आई म्हणाली, “काहून? मी यायले ओळखत नाई. बरोबर लिहीन.”

४ जानेवारी

आज सगळ्यांनी मजकूर वाचून दाखवले. आईचा इथे उतरवून ठेवतो. तिचा कागद माझ्याकडेच आहे, संपादक म्हणून.

“संपादक पवन यांची न माझी ओळख नाही. लांबून जेवढे दिसले तेवढे सांगते. चालताना असे चालतात, जसा मागून बँड येऊन राहिला. खिशात तीन पेन ठेवतात, लिहायला दुसऱ्याचा मागतात. मोठे शब्द फार आवडतात. चहा पाहिजे असला तर म्हणतात, चहाबाबत निर्णय घ्यायला हवा. अंगानं बरे आहेत, त्यावरून घरी कोणीतरी चांगलं करून घालत असेल असं वाटते. एकदा पाय घसरून पडले, तर उठून आधी इकडेतिकडे पाहिलं न मग लागलं का ते पाहिलं. कधी त्यांच्या आईची भेट झाली तर विचारीन की हा लहानपणी पण असाच होता का. पण भेट कशी होईन? ती बाई कॉलेजात कोणाले ओळखत नाही म्हणतात.”

सर चष्मा काढून डोळे पुसत होते. बादल तर बाकावर आडवा झाला. मीही हसलो. हसावंच लागलं. शेवटच्या ओळीला निता एकदम हसायची थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. का, कोण जाणे.

मग निता उठली. आईवर लिहायचं म्हणून ती दोन दिवस पहिल्या वर्षाच्या वर्गात मागे जाऊन बसली होती. तिनं आईवर लिहिलं होतं की कस्तुराकाकू पहिल्या बाकावर बसून डोळे उघडे ठेवून झोपतात. इतिहासाच्या सरांना वाटतं, वाकाटकांच्या काळात गेल्या. त्या गेलेल्याच असतात, फक्त परत येताना घोरतात. जागं करून काहीही विचारा, उत्तर एकच, वत्सगुल्म. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम, हे त्यांनी आतापर्यंत अर्थशास्त्राच्या तासालाही सांगितलं आहे.

बादलनं लगेच घोरून दाखवलं. सगळे हसले. आईसुद्धा हसत होती, पण मला ते सहन झालं नाही. मी उठलो, निताच्या हातातून कागद घेतला आणि फाडला. म्हणालो, “माझ्या आईवर कोणी हसायचं नाही. तिनं काय कष्टानं शिक्षण घेतलं ते तुम्हांला माहीत नाही.”

बादलचं घोरणं थांबलं. सर म्हणाले, “पवन, अरे...” आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

करार माझ्याकडूनच मोडला हे मला घरी येताना लक्षात आलं. पण काही वेळा मुलाला बोलावंच लागतं. तिच्यावरचं अर्धं पान आता मीच लिहीन.

५ जानेवारी

लिहिलं. ‘जिद्दीची ज्योत’ असं नाव दिलं. सुरुवात अशी: “मातृत्वाचा महामेरू आणि ज्ञानाची अखंड तृष्णा यांचा संगम म्हणजे कस्तुराबाई.” बाजूला समईचं चित्र टाकायला सांगितलं. निता शुद्धलेखन तपासताना म्हणाली, “चूक एक पण नाई.” कौतुक केलं असावं.

८ जानेवारी

आईनं आज ते पान वाचलं. दोनदा वाचलं. “चांगलं हाय,” म्हणाली आणि घडी घालून परत दिलं.

११ जानेवारी

आई मंडळातून बाहेर पडली. सरांना सांगून आली. कारण विचारलं तर म्हणाली, सध्या मेथी फार निघून राहिली, वेळ होत नाही. खरं आहे. या दिवसांत मेथी निघतेच. बाबांना एकट्याला जुड्या बांधणं होत नाही. तिच्याशिवाय मीटिंग लवकर संपली, कामंही पटापट झाली.

तरी आज मीटिंगमध्ये कोणी फारसं बोललं नाही.

१२ जानेवारी, रविवार

बाबांनी आज मला विहिरीजवळ गाठलं.

“तुही माय चार दिवसांपासून बोलून नाई राह्यली. तुनं काय केलं?”

“मी काय केलं? मेथी—”

“मेथी गेली चुलीत. दरसाली मेथी निंघते. दरसाली ते बांधता बांधता मले बोलून बोलून हैरान करते. औंदा चूप हाय. जाय, इचार.”

संध्याकाळी मी तिच्याजवळ जुड्या बांधायला बसलो. मला नीट बांधता येत नाहीत. ती माझ्या सोडून पुन्हा बांधत होती. बऱ्याच वेळानं मी विचारलं, “त्या पानात काही चुकलं का?”

“नाई. पान चांगलं हाय. फक्त ते माह्यावर नाई.”

“मग कोणावर आहे?”

“मले काय मालूम. कोनी मेली बाई असन.”

मला राग आला. म्हटलं, ते पोट्टे तुझ्यावर हसत होते, बादल तुझी नक्कल करत होता. मी तुझ्या बाजूनं बोललो.

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. “पवन, मी सातवीपावतर शाळेत होतो. मास्तर दर पोरीले चिडवे. कोनी लंबी, कोनी रडकी, कोनाले काई. मले कधी नाई चिडवलं. मी लय चांगली होतो म्हून नाई. त्यायले माहं नावच याद नव्हतं. निंदाले, कापूस येचाले गेली का हप्ता हप्ता शाळा नाई. जे पोरगी दिसतच नाई, तिले कोन चिडवीन?”

मी एक जुडी उचलून बांधायला लागलो. तीही सुटली.

“त्या दिवशी ते पोट्टी वाचून राह्यली होती, न मी आयकून राह्यलो होतो. मी कवा झोपतो, कशी घोरतो, तिनं सारं पायलं होतं बाप्पा. चार जनाइच्या पंगतीत मले पाट मांडून देल्ला होता. तू आला, न तो पाट उचलून नेऊन देवघरात मांडला. म्हने, इथी बस, इथी मान हाय. तथी कोनी बोलाले येत नाई रे.”

मग म्हणाली, “तू माह्यासाठी बोलला म्हन्तं. तू माह्यासाठी बोलला का तुह्यासाठी, ते तुलेच मालूम.”

जुड्या संपल्या. ती उठून आत गेली. मी तिथेच बसून राहिलो. मला तिचं सगळं पटलेलं नाही. मुलानं आईचा मान राखायचा नाही, तर काय करायचं? पण मेथीचं कारण खरं नव्हतं, एवढं कळलं.

१५ जानेवारी

निताकडे तो कागद मागितला. ती म्हणाली, “तुनंच तर फाडला.” दुसरी प्रत नाही. पुन्हा लिहून दे म्हटलं तर नाही म्हणाली. “मी लिहून देईन, न तू पुन्हा उभा राह्यशीन. आता तूच लिह्य. खरं लिह्य. शुद्धलेखन मी पाह्यतो.”

सर म्हणतात, वाशिमच्या छापखान्यात शनिवारपर्यंत सगळं द्यायचं.

१६ जानेवारी

तीन वेळा लिहिलं आणि खोडलं. बादलवर लिहायला मला दहा मिनिटं लागली होती. ज्या बाईला रोज पाहतो तिच्याबद्दल गमतीचं एक वाक्य सुचत नाही. जे सुचतं त्यात एकतर चूल येते नाहीतर कष्ट येतात.

बाबांना विचारलं, आईबद्दल काही गंमत सांगा. ते म्हणाले, “मले नोको फसवू,” आणि मळ्यात गेले.

१७ जानेवारी

आज मी माझा तास बुडवून पहिल्या वर्षाच्या वर्गाबाहेर खिडकीशी उभा राहिलो. आत राजपाल सर शिकवत होते. आई पहिल्या बाकावर होती, रीता नावाच्या मुलीशेजारी. मी अर्धा तास पाहत होतो.

हजेरीला सगळ्या मुली “प्रेझेंट” म्हणाल्या. ती म्हणाली, “हाव, आली.” सरांनीही मान डोलावली, जणू घरी पोचली का म्हणून विचारलं होतं. मांडीवर रुमाल पसरून तिनं वाटाण्याच्या शेंगा घेतल्या होत्या. नजर फळ्यावर, हात खाली, दाणे एका पिशवीत, टरफलं दुसरीत. रीतानं हळूच हात पुढे केला. आईनं न पाहता चार दाणे तिच्या हातावर ठेवले. मग मागच्या बाकावरून हात आला. मग त्याच्याही मागून. सरांचं शिकवणं चालू होतं आणि वर्गभर वाटाणे फिरत होते.

मग सरांनी चाचणीचे पेपर वाटले. आईनं आपला पाहिला, उठून टेबलाजवळ गेली, आणि मला स्पष्ट ऐकू आलं: “सर, बारा काय देता? पंधरा करा न. सकायची बोहनी हाय.” सर म्हणाले, परवडत नाही. ती म्हणाली, “चौदाले द्या मंग. बाकी पोरीले सांगू नोका.” सगळा वर्ग हसत सुटला. ती परत येताना हसत होती, तोंडावर हात न ठेवता, मान मागे टाकून. रीता तिच्या पाठीत बुक्की मारत होती. ही बाई आमच्या घरी कधी आलेली नाही.

सरांनी मला खिडकीत पाहिलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी खिडकीचं दार थोडं जास्त उघडलं आणि पुढे शिकवायला लागले.

१८ जानेवारी, शनिवार

दिलं. समई काढून टाकायला सांगितली. फोटोही बदलला, बादलकडे तो हललेला, हसरा होताच. तो म्हणाला, “मीनं डिलीट केलाच नव्हता.”

आईला आधी दाखवावं असं दहादा वाटलं. दाखवलं नाही. तिनं माझं पान मला कुठे विचारून लिहिलं होतं?

पान असं:

“कस्तुराबाई, प्रथम वर्ष. वर्गात यांना काकू म्हणावं की मावशी, हे ठरलं नव्हतं. आता सगळे ‘बोहनी’ म्हणतात. या गुणांचा भाव करतात. बाराचे चौदा करून घेतात आणि वर कोथिंबीर मागतात. मराठीच्या तासाला वाटाणे सोलतात. त्यामुळे त्या विषयाला हजेरी सर्वांत जास्त असते. स्वतः पहिल्या आल्या तरी ‘कसं झालं काय मालूम’ म्हणतात, आणि मैत्रीण पहिली आली तर तिचा पेपर पुन्हा तपासायला लावतात. फोटोसाठी तीन साड्या बदलतात आणि मग फोटोत डोळे मिटतात. झोपल्यावर घोरतात. घोरणं वत्सगुल्मापर्यंत ऐकू जातं. घरी यांना एक मुलगा आहे. तो कॉलेजात यांना ओळखत नव्हता. आता तो ओळख करून घ्यायचा प्रयत्न करतो आहे. वर्गातल्या मुलींनी त्याला थोडी मदत करावी.”

‘बोहनी’ हे नाव मीच पाडलं. पानात ‘आता सगळे म्हणतात’ असं लिहिलं, ते खोटं आहे. निताला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “छापून आलं का म्हनतीन.” तिनं एक वेलांटी बदलली, बाकी काही नाही.

७ फेब्रुवारी

स्नेहसंमेलनात अंक निघाला. पाहुण्यांचं भाषण फार लांबलं. खाली बसलेल्या मुलामुलींनी तोवर शेवटची पानं उघडली होती. पहिल्या वर्षाच्या रांगांतून हसण्याचा आवाज उठला, शांत झाला, पुन्हा उठला. पाहुण्यांना वाटलं त्यांच्या विनोदाला. त्यांनी तो पुन्हा सांगितला.

मी मंचाच्या बाजूला उभा होतो. आई कुठे बसली आहे ते दिसत नव्हतं. तिला वाईट वाटलं असेल तर? पाचशे प्रती छापून झाल्या होत्या.

कार्यक्रम सुटल्यावर ती पोरींच्या घोळक्यात दिसली. अंक तिच्या हातात होता आणि रीता मोठ्यानं वाचत होती. आई पायरीवर बसली होती. हसून हसून उभं राहता येत नव्हतं. मी पुढे गेलो तशी तिनं पदरानं डोळे पुसले.

“काय रे, मैत्रिनीचा पेपर पुन्हा तपासायले लावतो म्हून लिवलं तुनं?”

“हो.”

“कवा लावला?”

“रीतानं सांगितलं.”

ती रीताकडे वळली. “तुनं सांगतलं? थांब, पाह्यतो तुले.” रीता पळाली, आई तिच्यामागे पळाली. चव्वेचाळीसची बाई, नवी साडी, हातात अंक. सगळं मैदान ओरडत होतं, “बोहनी! ओ बोहनी!”

घरी तिनं बाबांना पान वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, घोरण्याचं बरोबर आहे. झोपताना माझ्या अंथरुणाजवळ येऊन म्हणाली, “ते शेवटचं काहून लिवलं? ओळख करून घेतो म्हून?”

“असंच.”

“बरं,” म्हणाली. दिवा मालवून गेली.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहिल्या वर्षाची सहल आज लोणारला गेली. आई आधी नाही म्हणत होती. काल मुली मळ्यात येऊन बाबांशी भांडल्या आणि तिचं नाव लिहून घेऊन गेल्या. बाबा म्हणाले, मी नाही कधी म्हटलंच नव्हतं.

सकाळी मी तिला गाडीवर स्टँडवर सोडलं. तिनं पिशवीत सगळ्यांपुरत्या दशम्या घेतल्या होत्या. पाण्याची बाटली मी भरून दिली. रस्त्यात म्हटलं, सरोवराच्या काठावर फार पुढे जाऊ नको, खाली चिखल असतो. फोन चालू ठेव. ती “हाव, हाव” म्हणत होती, पण तिचं लक्ष नव्हतं.

बस भरलेली होती. मुलींनी आतून तिचं नाव घेऊन ओरडायला सुरुवात केली. ती गाडीवरून उतरली, साडी सारखी केली आणि पिशवी घेऊन जवळजवळ पळतच चढली. आत खिडकीच्या जागेवरून भांडण झालं. ते ती जिंकली. काच सरकवून बसली आणि रीताशी बोलायला लागली.

मी खालीच उभा होतो. म्हटलं, निघताना पाहील. बस सुरू झाली तेव्हा मी हात वर केला. ती पाहत नव्हती. काहीतरी सांगत होती, दोन्ही हात हलवून, आणि आजूबाजूच्या चारपाच पोरी तिच्याकडे वाकून ऐकत होत्या. बस वळली.

नंतरही मी बराच वेळ तिथे उभा होतो. मग मळ्यात गेलो. बाबांनी विचारलं, “गेली का?” म्हटलं, गेली. ते म्हणाले, “मांगं पायलं का?”

म्हटलं, नाही.

“आता बरं हाय,” बाबा म्हणाले, आणि आम्ही दोघं मेथी उपटायला बसलो.